चिठ्ठी नसलेला पाहुणा

मी संशयी माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. दौंडच्या पार्सल ऑफिसात माझी उभी हयात गेली. पेटीवर आंबे लिहिलंय म्हणून आत आंबेच असतील, असं मी कधी धरून चाललो नाही. चर्चमध्येही मला दाराशी बसवलं होतं ते याच गुणासाठी. आमच्यात रीत अशी, की परगावचा ख्रिस्ती प्रभुभोजन घेणार असेल तर त्यानं आपल्या पाळकाची चिठ्ठी आणायची: हा आमच्या मंडळीचा, याला आपल्यात घ्यावे. ती चिठ्ठी मी बघायचो. सही वाचता आली नाही तर तीनतीनदा बघायचो.

एकाहत्तर साली लढाई जुंपली, त्याच आठवड्यातल्या रविवारी तो आला. हडकुळा माणूस, मागं बायको, तिच्या कडेवर तापानं फणफणलेली दोनेक वर्षांची पोरगी. मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं की तो पूर्व बंगालचा, नाव मायकेल, धंद्यानं सुतार, बाप्तिस्मा झालेला. गाव जळालं, म्हणून हद्द ओलांडून इकडे आला. छावणीतून मुंबईला मेव्हण्याकडे निघाला होता, पोरीचा ताप वाढला म्हणून दौंडला उतरला.

"चिठ्ठी?" मी विचारलं.

"दादा, गिरजा भी जल गया," तो म्हणाला. "चिट्ठी कौन देगा?"

उत्तर मला फारच जुळवून आणल्यासारखं वाटलं. मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. गीत सुरू झालं तसं त्यानं आमच्याच चालीवर त्याच्या भाषेतले शब्द धरले. बायका वळून वळून बघायला लागल्या. हॅ, चाल काय, ऐकूनही उचलता येते, मी मनात म्हणालो. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्याच्यापाशी आलं तेव्हा मी हात आडवा घातला. पोरीनं ताटाकडे हात केला होता. तो हात तसाच राहिला आणि ताट पुढं गेलं.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. जंक्शनातून रोज लष्कराच्या गाड्या जात होत्या, खिडक्यांना काळे कागद लागले होते, आणि चहाच्या टपरीवर ज्याच्या त्याच्या तोंडी हेरांच्या गोष्टी. त्यात आम्ही ख्रिस्ती. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचे आप्पा मनानं वाईट नव्हते, पण हसत हसत म्हणायचे, "तुमचं काय बाबा! तुमचा देव विलायतचा. हितं काय झालं तर तुम्ही तिकडं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अशात हा बिनचिठ्ठीचा माणूस आमच्या आवारात सापडला तर नाव आमचंच जाणार! म्हणून सोमवारी मी स्वतःच चौकीवर गेलो आणि सांगून आलो.

हवालदार भला माणूस होता. त्यानं मायकेलला बोलावून घेतलं, चहा पाजला, बसवून ठेवलं, आणि मला बाजूला घेतलं. "माणूस साधा दिसतुया, पर कागुद न्हाई. तुमच्यापैकी कुणी लिहून द्या, का ह्याला आम्ही वळखतो. न्हाईतर पुढच्या सोमवारी पुण्याला धाडावा लागंल. बाई आन् पोरगी हितंच ऱ्हातील."

पाळकसाहेब नगरला गेलेले. मंडळीचा शब्द द्यायचा तो मीच. "मी ओळखत नाही," मी म्हणालो. खोटं बोललो नव्हतो, म्हणून मला अपराधीही वाटलं नाही. मायकेल चौकीतच राहिला, मायलेकी चर्चच्या पडवीत राहिल्या. मी ऑफिसला जाताना मान वळवून जायचो.

इकडे आप्पांचं चालूच. शेवटी शनिवारी रजा टाकली आणि एसटीनं शिरूर गाठलं. आमचं घराणं मूळचं शिरूरचं, ही माझी मोठी ऐट. बापाचं नाव तिथल्या चर्चच्या वहीतून उतरवून आणायचं आणि आप्पांच्या टेबलावर आपटायचं, असं ठरवूनच निघालो होतो.

तिथल्या पाळकबाईंनी बाप्तिस्म्याची वही दोनदा चाळली. नाव नाही.

"नाही म्हणजे काय?" मी उखडलोच.

"थांबा की भाऊ. ह्या दुसऱ्या वहीत बघते. भाईरून आलेल्यांची हाय."

"ती कशाला? आम्ही कुठं बाहेरचे?"

"आता हातात घेतलीच हाय, तर बघते," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

शाई विटकी झाली होती, पण अक्षर स्पष्ट होतं. 'गेनू, बायको सखू, मुलगा दावीद वय दीड. दुष्काळामुळे निजामाच्या मुलखातून चालत आले. जालन्याकडे बाप्तिस्मा झाला असे सांगतात. चिठ्ठी नाही. कोणी ओळखत नाही. घेतले.'

दावीद म्हणजे माझा बाप. कडेवर बसून, दुसऱ्याच्या राज्यातून हद्द ओलांडून आलेला. त्या दिवशी दाराशी माझ्यासारखा कुणी बसला असता तर? मी तिथं त्या बाईंपुढं लहान मुलासारखा रडलो. याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. बाई हट्टी होत्या, एवढं खरं. परतीच्या एसटीत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. नाताळ तोंडावर आला होता, आणि बाळ प्रभूला घेऊन मिसर देशात पळालेल्या त्या सुताराकडे तरी कुणाची चिठ्ठी होती?

एसटीतून उतरलो तो तडक चौकीवर गेलो. हवालदार म्हणाला, "सोमवारी तर म्हणला, वळखत न्हाई. आज कशी काय वळख निघाली?"

"निघाली," मी म्हणालो. "जुनी आहे."

सही करताना मनात पाल चुकचुकलीच. स्वभाव एका दिवसात थोडाच जातो! पण सही केली. प्रभू, तुझा माणूस तू सांभाळ, माझ्याच्यानं ओळख पटवणं होत नाही, एवढंच म्हणालो, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. पुढच्या प्रभुभोजनाला ताट मी स्वतः त्याच्या बाकापाशी नेलं. पोरगी बरी झाली होती. तिनं पुन्हा हात पुढं केला. लेकरांना द्यायची आमच्यात रीत नाही. मी दिलं.

आज इतक्या वर्षांनीही मी दाराशीच बसतो. संशय अजून येतो. पण आता माणसाला आधी पुढच्या बाकावर बसवतो, चिठ्ठी मागाहून विचारतो. कधीकधी विचारायचं राहूनही जातं, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

एक सांगायचं राहिलं. लढाई संपली, मायकेलचा देश स्वतंत्र झाला. टपरीवरच्या रेडिओवर बातमी ऐकून तो ढसाढसा रडला. मेव्हण्याकडे जायचं सोडून म्हणाला, गावी जातो. गावात राखेशिवाय काही उरलं नव्हतं, तरी जातो म्हणाला. आप्पांना दाखवण्यापुरतं देशप्रेम माझ्याकडेही होतं. हे मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो.

निघायच्या सकाळी तो माझ्या दाराशी उभा राहिला. "दादा, एक चिट्ठी दीजिए. वहाँ नया पादरी पूछेगा."

मला लिहिताना दिसेना, दोनदा कागद बदलला. त्यानं विचारलं, क्या लिखा? मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. 'मायकेल, बायको आणि मुलगी आमच्या मंडळीचे. आले तेव्हा चिठ्ठी नव्हती. कोणी ओळखत नव्हते. प्रभूने त्यांना आधीच घेतले होते. उशीर आम्हाला झाला.'