जिभेवरचा तीळ

अख्ख्या बुऱ्हाणपुरानं घाबरून राहावं अशी एकच व्यक्ती आमच्या गावात आहे, आणि ती सातवीत शिकते. ती माझी भाची. जिभेच्या टोकाला मोहरीएवढा काळा तीळ घेऊनच ती जन्माला आली, आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांची खात्री आहे की हिनं वाईट काही बोललं की ते होतंच. चांगलं बोललेलं मात्र कधी होत नाही. मी सरकारी कचेरीत काम करणारा, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नसलेला माणूस. पण माझ्या बदलीचा विषय तिच्यासमोर मीसुद्धा काढत नाही. "आता लाइट जाईल," असं ती म्हणाली आणि आमच्या अख्ख्या बुधवारा मोहल्ल्याचे पंखे थांबले, असं किती वेळा झालं असेल. लाइट तशीही जातेच, हे माझं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही. एकदा नदीपलीकडच्या जैनाबादला लग्नाला निघालो असताना तापीच्या पुलाच्या मधोमध तिनं विचारलं, "मामा, इथं पंक्चर झालं तं?" आणि आम्ही सगळे नटूनथटून रिक्षा ढकलत लग्नाला पोचलो. शेजारचे केळ्यांचे व्यापारी तर ट्रक भरताना ती दिसली रे दिसली की सोललेलं केळं तिच्या हातात ठेवतात. "पहले खा ले बेटा, बोलना बाद में." ट्रक गल्लीबाहेर पडेपर्यंत तिची चार केळी होतात.

तिच्या वर्गात तिची एक वैरीण आहे. हिला चित्रावर 'छान' मिळालं की तिला 'फार छान' मिळतं, आणि हिनं नवी रंगपेटी नेली की तिच्याकडे दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी असते. खंडव्याला होणाऱ्या चित्रकला स्पर्धेसाठी या वर्षी शाळेतून एकीलाच पाठवणार होते. भाची तापीतली नाव काढण्याचा सराव करत होती. वैरिणीनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ये नाव है या चप्पल?" भाचीचा पारा चढला. "तुझा हातच मोडंल, पाहजो!" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वैरीण शाळेच्या ओल्या जिन्यावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

खंडव्याचा रस्ता मोकळा झाला होता. भाचीच्या जागी मी असतो तर बॅग भरायला घेतली असती. पण ही पोरगी जेवेना. "मामा, मी तं बस गुस्स्यात बोलली होती. सच्ची मोडायचा नव्हता ना." मग तिनं बोलणंच सोडलं. तीन दिवस घर इतकं शांत होतं की माझी बहीण घाबरून गेली. एका कागदावर 'हात बरा होईल' असं तिनं शंभरदा लिहून काढलं, पण आपलं चांगलं बोलणं चालत नाही हे तिलाच ठाऊक होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती भर गल्लीत उभी राहिली आणि सगळ्या बुधवाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मी हरणार! तिचा हात येळेवर बरा होणार, तीच खंडव्याला जाणार, आणि मी घरी बसून रडणार!"

बहिणीनं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. "अवं, सोताबद्दल असं अभद्र बोलतात का?"

"आई, माझं वाईटच चालते ना," ती बोटांच्या फटीतून म्हणाली, "मग माझंच वाईट बोलली."

त्यानंतर प्लास्टर निघेपर्यंत औषधाच्या डोससारखं सकाळ-संध्याकाळ हे ओरडणं चालू होतं. डॉक्टरांनी महिना सांगितला होता आणि महिन्यानंच हात सुटला. शाळेत निवड झाली तेव्हा दोघी शेजारीशेजारी बसून काढत होत्या. हिनं मन लावून आपली नाव काढली. मुद्दाम बिघडवणं तिच्या स्वभावात नाही. वैरिणीनं आखडलेल्या बोटांनी आमच्या घाटाजवळ तापीच्या पात्रात आहे तो दगडी हत्ती काढला, आणि खंडव्याला जायचं तिचंच ठरलं.

"चाललं मामा! पक्कं चाललं!" असं ओरडत भाची घरात शिरली. मी मावा जिलेबी आणली होती. अर्धी खाऊन झाल्यावर ती एकदम थांबली, आणि डोळे भरून आले. "मी बोलली म्हणूनच हरली ना मामा? चित्र तं चांगलं होतं ना?"

माझी पंचाईत झाली. हो म्हणावं तर मोडलेला हातही जन्मभर तिच्याच जिभेच्या नावावर राहणार, आणि नाही म्हणावं तर नाव चपलेसारखी ठरणार. मी घसा खाकरला आणि कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "हात जिन्यानं मोडला. जिना ओला होता. हरलीस मात्र तू जिभेमुळे."

तिनं बाहीनं डोळे पुसले. "पक्का?"

"पक्का."

तिनं उरलेली जिलेबी संपवली आणि दुसरी वैरिणीसाठी कागदात बांधून घेतली. हल्ली त्या दोघी एकाच बाकावर बसून भांडतात. ते नावेचं चित्र मी मागून घेतलं आणि माझ्या टेबलासमोर लावलं. अजून एक-दोन वर्षं. मग ती मोठी होईल, आणि माझी असली उत्तरं तिला पटेनाशी होतील. या विचारानं मला खरंच वाईट वाटतं. नाव थोडीशी चपलेसारखी दिसते खरी. पण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.