मुका भोंगा

जालना-जाफराबाद सर्व्हिस मोटारीचा तो ड्रायव्हर. शाळेवर जायला मी दर सोमवारी त्याच्या शेजारी बसायचो, पण नाव कधी विचारलं नाही. तरुणपणी त्यानं आफ्रिकेत नैरोबीहून पार मोंबासाच्या समुद्रापर्यंत लॉरी चालवलेली. इथं रस्त्यात म्हैस आडवी आली तरी तो इंजिन बंद करून शांतपणे विडी पेटवायचा. मागून लोक ओरडायचे, "अरे, भोंगा वाजीव की!"

"न्हाई. तिकडं हत्तीला भोंगा दिला, तर मोटार उलटी करून टाकायचा. रस्ता त्याचा, मास्तर. आपून पाव्हणे."

मला ही सगळी थाप वाटायची. उशीर झाला की मी चिडायचोही.

एकदा आमच्या शेजारी बंदूक घेऊन एक अंमलदार बसले होते. माळावर काळविटांचा कळप रस्ता ओलांडत होता. सवयीनं यानं मोटार थांबवली, इंजिन बंद केलं. "बहुत खूब," म्हणत अंमलदार खाली उतरले आणि त्यांनी नेम धरला.

ड्रायव्हरनं भोंग्याचा रबरी फुगा तीनदा करकचून दाबला. कळप उधळला.

"चुकून हात लागला, सरकार," तो म्हणाला.

जाफराबादेपर्यंत त्याला विडी काही पेटवता आली नाही.