पोर्ट रॉयलचा लाल ठिपका

जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या टोकियोच्या ऑफिसात इंग्रजी शिकवायला योकोहामाहून एक कॅनडियन बाई यायच्या. वय सत्तरीचं. जपानीत शिक्षकाला म्हणतात तसं सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, मीही. त्यांचे पूर्वज अकेडियन, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शेती करणारे फ्रेंच. पुढे इंग्रजांनी त्यांना तिथून हाकललं. मे महिन्यात सेन्सेई तिकडे जाणार होत्या. सात पिढ्यांमागची आजी जिथे जन्मली तिथे एकदा उभं राहायचं, एवढीच इच्छा. गुडघे गेलेले, दुसरी खेप होणार नव्हती.

"गाव मी शोधून देतो," मी म्हणालो. मी इंजिनियर, आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट; कागद वाचता येतो याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. चर्चच्या जन्मनोंदीत त्या आजीच्या नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं: पोर्ट रॉयल. त्या गावाला आज ॲनापोलिस रॉयल म्हणतात हेही शोधलं आणि नकाशावर लाल ठिपका दिला. सेन्सेईंनी तिथे खोलीसुद्धा ठरवली.

आठवड्याने बाकीच्या नोंदी सहज चाळल्या आणि डोकंच फिरलं. नदीकाठाने मैलोन्‌मैल पसरलेल्या वस्त्यांमधली सगळी पोरं पोर्ट रॉयलचीच! पाद्री आपल्या चर्चचं गाव लिहून मोकळा व्हायचा. आणि हे मला कळू नये? माझ्याच दाखल्यावर जन्मगाव म्हणून शाळेचं गाव आहे. जन्मलो मी लांबच्या वस्तीवर. गुरुजींनी विचारलं नाही, आईबापाला वाचता येत नव्हतं. तेच गाव पुढे पासपोर्टवर चढलं.

शेजारच्या जपानी सहकाऱ्याला विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? तो म्हणाला, "आमच्या कुटुंबाच्या नोंदीत फुकुशिमातलं गाव आहे. मी तिथे कधी राहिलो नाही. आता तर अणुभट्टी फुटल्यापासून तिथे कुणालाच राहू देत नाहीत." मी आणखीच गोंधळलो.

शेवटी सेन्सेईंना सांगितलं.

"म्हणजे आजी या ठिपक्यावर नव्हती?"

"असेलही. नसेलही. मला माहीत नाही."

"मागच्या आठवड्यात तर फार माहीत होतं, इंजिनियर-सान!"

त्यांनी पेन्सिल घेतली आणि ठिपक्यापासून नदीच्या वरच्या अंगाला लांबलचक रेघ ओढली. "मग गाडी करून एवढं सगळं बघते. कुठेतरी ती असेलच ना?"

"हो," मी म्हणालो. मग पुन्हा नकाशा पाहिला. "पण वस्त्या दोन्ही काठांना होत्या, सेन्सेई."