शेपट्या फुटलेली चवळी

सूनबाईला दिवस गेले आणि तिचं खाणं सुटलं. वरण-भाताचं ताट दिसलं की नाक दाबून खोलीत पळायची. सून आमची लागोसची. मुलानं इथं दुबईतच, ऑफिसात जमवलेलं लग्न. तिच्या आईला सातव्या महिन्याआधी येणं जमत नव्हतं. डॉक्टरीण वजनाचा काटा बघून भुवया चढवायला लागली, तेव्हा मी सरळ विचारलं, "बोल बाई, डोहाळे कसले लागलेत?"

"मोई मोई," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मला नवल वाटलं नाही. अबू धाबीपलीकडे वाळवंटात, रुवैसला असताना मी पोटुशी होते, तेव्हा भर जुलैत मला ओल्या काजूची उसळ हवी होती. जुलैत ओले काजू कोकणातसुद्धा नसतात, पण महाराणीला सांगणार कोण? ह्यांनी बिचाऱ्यांनी अबू धाबीहून सुक्या काजूंचा डबा आणला, तर महाराणीनं तो बाल्कनीत नेऊन ठेवला आणि अबोला धरला. वर कपाळाला बाम लावून पडून राहिली. काय ते नाटक!

मोई मोई म्हणजे चवळी वाटून, पानात बांधून वाफवायची. फोनवर एवढं बघून मी म्हटलं, हात्तिच्या! पातोळ्या करण्यात माझी हयात गेली. सकाळी चवळी भिजत घातली, संध्याकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. हात सवयीचे, डोकं विचारतंय कुठं? दुसऱ्या दिवशी छान पांढरे मोड. सुनेनं तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मी ऐटीत फडकं उघडलं.

विहीणबाईंनी फोन नाकाशी नेला. मग इंग्रजीत म्हणाल्या, "ममा, ह्यांना शेपट्या का फुटल्यात?"

"मोड आणलेत. ताकद येते."

"आम्ही बीन्स खातो, ममा. त्यांची शेती करत नाही!" आणि अशा खदखदून हसल्या की त्यांचा फोनच हातातून पडला.

सूनही हसली. कित्येक दिवसांनी. म्हणून मी अपमान गिळला. नाहीतर लग्नात रुसायचं राहूनच गेलं होतं माझं.

मग पहिल्यापासून सुरुवात. नवी चवळी थोडा वेळच भिजवायची, पाण्यात चोळायची, सालं तरंगली की ओतून द्यायची. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. "काळा डोळा एकसुद्धा राहता कामा नये," फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, त्यातून हुकूम आला.

मुलगा डोकावला. "आई, सालासकट फिरव ना मिक्सरमध्ये. मला मीटिंग आहे."

"तुझी मीटिंग खलास. यल्ला, बस इथं, चोळ."

बसला. चोळलीन.

कांदा, लाल ढोबळी मिरची, तेल. "आणि वाळवलेली कोळंबी कुटून," विहीणबाई म्हणाल्या. मी फ्रीजरच्या तळातून रत्नागिरीचा जवळा काढून कॅमेऱ्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक केले. "हं. चालेल."

"आई, वेडी आहेस का? हिला साधी फोडणी सहन होत नाही आणि तू जवळा भाजतेस?" मुलगा खिडक्या उघडत सुटला. मीही मनातून टरकले होते. पण वास घरभर पसरला तशी सून खोलीतून बाहेर आली, नाक न दाबता, आणि जेवायच्या टेबलाशी बसून राहिली.

केळीच्या पानांच्या पुड्या वाफवून झाल्या. पहिली मी तिच्यापुढे सोडली. एक घास. दुसरा. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत, फोनमधल्या विहीणबाई धरून. तिनं पान बोटानं निपटलं आणि दुसरी पुडी स्वतःच ओढली.

"मीठ?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"थोडं कमी आहे."

"खा गप्प!" दोन आयांनी दोन भाषांत एकदमच दटावलं.

शेपट्यांची उसळ मी आणि मुलानं पोळीशी खाल्ली. तिला विचारण्यात अर्थच नव्हता. ती तिसरं पान सोडत होती.