मनू उठली की गाडी सुटते

आधीच सांगते, मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. सासूबाईंनी पोरीच्या गालाला तीट लावली तर ती ओल्या फडक्यानं पुसून टाकणारी मी. बारावीला सायन्स होतं माझं... पुढं शिकता आलं नाही ही गोष्ट वेगळी, पण "असं का होतं?" हे विचारायची खोड काही गेली नाही. या ग्रुपवर दोन वर्षं झाली. तुमचे सगळ्यांचे अनुभव चहा पिता पिता वाचते आणि मनात म्हणते, काय फेकतात लोक! आता माझी पाळी आहे. तुम्हीही खुशाल म्हणा, मला राग नाही येणार.

आम्ही दिग्रसचे. पुसद रोडला, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. घरात मी, सासूबाई आणि माझी मुलगी मनू – तेव्हा साडेतीन वर्षांची. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आमचे हे ट्रक चालवतात. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की रुईच्या गाठी भरून गुजरातकडं जायचं, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत. आठ-आठ दिवस घरी पाय लागत नाही.

ड्रायव्हरच्या घरात एक रीत असते. सगळ्यांकडं असेल-नसेल, आमच्याकडं आहे. पहाटे गाडी सुरू करताना हे एक मिसकॉल देतात. उचलायचा नाही. एक रिंग आली म्हणजे माणूस उठला, स्टेअरिंगवर बसला. मग सात-साडेसातला कुठं तरी चहाला थांबले की खरा फोन. त्या रिंगपासून त्या फोनपर्यंतचा वेळ कसा जातो, ते ड्रायव्हरच्या बायकोला विचारा. पहाटेच्या डुलकीनं किती गाड्या जातात हे काय मी सांगायला पाहिजे?

तर त्या हिवाळ्यात मनूनं पहाटे उठायचं खूळ काढलं. साडेचार वाजले की ही उठून बसलेली. रडणं नाही, भोकाड नाही... गोधडीवर मांडी घालून बसायची, माझी बाही ओढायची आणि सांगायची, "आई, उठली मी." जशी काही ड्युटीवर हजर झाली! मग परत झोपायचं नावच नाही. अंधारात माझ्या दोऱ्याच्या रिळांशी गप्पा मारत बसायची.

लग्नसराई तोंडावर, मी अकरापर्यंत मशीनवर, आणि साडेचारला ही महाराणी उभी. डोळ्यांची नुसती आग व्हायची. शेजारणी म्हणाल्या दुपारी झोपवू नको – नाही झोपवली. रात्री पोटभर जेवू घाल – घातलं. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली पोरीले," आणि मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. आम्ही सगळे खोकलो, पोरगी दुसऱ्या दिवशी साडेचारलाच उठली.

मग एका दिवशी ती तीन वाजून वीस मिनिटांनी उठली. मी वैतागून घड्याळ पाहते तोवर उशाशी एक रिंग वाजली. ह्यांचा मिसकॉल! नंतर कळलं, माल लवकर उतरवायचा होता म्हणून हे लवकर निघाले होते. दोन दिवसांनी मनू चांगली सहापर्यंत झोपली... त्या दिवशी ह्यांची गाडी पंक्चर होती, निघायला सहा झाले होते.

आता सायन्सवालीच्या डोक्यात किडा वळवळला. मी कॅलेंडरवर लिहायला लागले. मनू उठली ती वेळ, मिसकॉलची वेळ. दोन-चार मिनिटं इकडं-तिकडं, पण आधी मनू, मग रिंग. म्हटलं, फोनच्या उजेडानं जाग येत असेल. फोन बंद करून कपाटात ठेवला. तरी उठली. सकाळी ह्यांना विचारलं, किती वाजता निघाले? तीच वेळ.

ह्यांना सांगितलं तर हसले. "बापाची लेक हाय ना ते! मी उठलो का तिले जाग येते." मलाही तसंच वाटलं. बाप उठतो म्हणून लेक उठते. जुळ्यांचं नाही का ऐकतो आपण, तसंच काही असेल. गंमत वाटायची, खरं सांगते. थोडं बरंही वाटायचं... माणूस दूर आहे, पण त्याचा एक धागा घरात आहे.

पण झोप ती झोपच असते हो. पुढं माघात एक लग्नाची मोठी ऑर्डर आली. तीन रात्री मी तासभरसुद्धा धड टेकले नव्हते, त्यात मनूला खोकला. कपाटात मागच्या वेळच्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली होती. मेडिकलवाला तेव्हा म्हणाला होता, यानं गुंगी येते, जपून द्या. खोकला होता, खोटं नाही बोलत. पण बाटली उघडताना माझ्या मनात खोकला नव्हता. झोप होती... माझी झोप. मी चमचाभर दिलं आणि वर अजून थोडं दिलं. आई होऊन असं केलं, ते इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

सकाळी मला जाग आली तर खिडकीतून ऊन आलेलं! सात वाजले होते. मनू गाढ झोपलेली. फोन पाहिला, चार पस्तीसचा मिसकॉल पडला होता. म्हणजे बाप उठला आणि लेक उठलीच नाही. मी चक्क हसले. म्हटलं, सुटले बाई! काय कॅलेंडरं भरत बसले होते येड्यावानी. चहा ठेवला, केर काढला.

साडेसात झाले, फोन नाही. आठ झाले. मी लावला, तर रिंग जाते आहे, जाते आहे... कोणी उचलत नाही. फोन बंद असता तर रेंज नसेल म्हणून गप्प बसले असते. वाजणारा फोन कोणी उचलत नाही म्हणजे काय समजायचं? पाचव्यांदा लावला, सहाव्यांदा लावला. आणि मग काय झालं कोण जाणे, फोन टाकला आणि मी मनूकडं धावले.

"मनू, ऊठ. ऊठ ना माय!" हलवलं, बसवलं, तर ही माझ्या हातावर मान टाकून पुन्हा झोपली.

सासूबाई आतून आल्या. "काहून उठवून राह्यली तिले? रोज तं बोंबलते का पोरगी झोपत नाई, आज झोपली तं झोपू दे ना!"

"आई, तिले उठवा," मी म्हटलं. "हे फोन नाई उचलून राह्यले."

"मंग पोरीले काहून?"

मला तरी कुठं कळत होतं! ओल्या हातानं तोंड पुसलं, तळपाय चोळले, गाणी म्हटली. देव-बिव न मानणारी मी, पोरीच्या पायाला हात लावून रडत होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी मनूनं डोळे उघडले. इकडं-तिकडं पाहिलं, मांडी घातली आणि म्हणाली, "आई, उठली मी. पाणी."

तिला पेला दिला. तिचं पिणं व्हायच्या आत फोन वाजला.

"अवं, किती फोन केले तू!" ह्यांचा आवाज जड होता. "मी झोपलो होतो. आत्ता जाग आली."

"गाडी तं सुरू केली होती ना तुमी?"

"केली होती. गजर वाजला म्हनून उठलो, चहा पिऊन निघालो, साक्रीच्या पुढं आलो. आन् एकदम असे डोळे मिटायले लागले... हातात जीवच नाई. कोनी दवा पाजल्यावानी झालं. रात्री चांगला सहा घंटे झोपलो होतो, तरी. कशीबशी पेट्रोल पंपावर घेतली गाडी. हॅन्डब्रेक ओढल्याचं आठवते, बस."

"पुढं काय होतं?"

"पुढं कोंडाईबारीचा घाट," हे म्हणाले. "दहा-पंधरा मिनिटं अजून गेलो असतो तं घाटात होतो मी."

मी फोन ठेवला. ती बाटली मोरीत ओतली आणि पाण्यानं धुऊन कचऱ्यात टाकली. आठ दिवसांनी हे घरी आले, तेव्हा सगळं सांगितलं. रागावतील म्हणून तयारीत होते. हे झोपलेल्या मनूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुले काय माहीत होतं व!"

मनूला खोकल्यासाठी दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांना मी फक्त औषधाचं सांगितलं. त्यांनी चांगलं झापलं, उरलेलं औषध मनानं लेकरांना द्यायचं नाही म्हणून. बरोबरच आहे. बाकीचं कोणाला सांगणार? थकलेल्या ड्रायव्हरला डुलकी लागते, औषध घेतलेलं लेकरू झोपतं, एका दिवशी दोन्ही झालं... योगायोग म्हणून सोडता येतं. मी कितीदा सोडून पाहिलं. पण कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आधी मनू, मग रिंग. बाप उठतो म्हणून लेक उठते असं मी धरून चालले होते. उलटं असेल तर? हे "असं का होतं" मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन.

आता मनू पाच वर्षांची आहे. पहाटे उठतेच. मीही तिच्यासोबत उठून बसते, कुरकुर करत नाही.

मागच्या महिन्यात तिला सर्दी-ताप झाला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, म्हणाले, "यानं झोपेल जराशी, घाबरू नका." घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चमचा काढला, आणि आधी फोन लावला.

"कुठं आहा?"

"मलकापूरच्या पुढं. काहून?"

"मनूले ताप हाय. दवा द्याची हाय. झोप येते म्हणे त्यानं."

हे हसले नाहीत. इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग ब्रेकचा आवाज, मग इंजिन बंद झालं.

"लावली बाजूले," हे म्हणाले. "दे आता तिले."