काकांची चार डिस्कची पेटी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका जपून ठेवणारा माणूस उभ्या सदाशिव पेठेत सापडायचा नाही, आणि ही पेठ काही वस्तू टाकून देण्यासाठी प्रसिद्ध नाही. काका साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार हार्ड डिस्क बसणारी, बुटांच्या खोक्याएवढी एक काळी पेटी आणली आणि घरातला प्रत्येक कागद, फोटो, व्हिडिओ तिच्यात भरला. फ्रिज भंगारात गेला तरी त्याचं वॉरंटी कार्ड तिथे होतं. क्लाउडचं नाव काढलं की म्हणायचे, "आपले कपडे दुसऱ्याच्या कपाटात ठेवतं का कुणी?" आणि स्वतः मात्र सगळ्या इमारतीचे कपडे आपल्या कपाटात घ्यायचे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या लग्नाचा व्हिडिओ, तळमजल्यावरच्या नातवाचं बारसं, माझ्या आईचे गाण्याच्या परीक्षेचे फोटो, सगळं त्यांनी हौसेने मागून नेलं होतं. परत मागायला गेलं की कशाला हवंय ते आधी विचारायचे.

चारांतली एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम निभावून नेतात, ही त्या पेटीची खुबी. गेल्या उन्हाळ्यात तशी एक गेली आणि पेटी टीं-टीं करून सांगू लागली. काकांना जरा कमी ऐकू येतं. तो आवाज रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा समजून आठ दिवस ते शेजारच्या डॉक्टरांना सुनावत राहिले. नवव्या दिवशी दुसरीही डिस्क अडखळली, पेटी बंद पडली आणि खुलासा झाला. काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, आधी डॉक्टरांची माफी मागितली, मग एकेका दाराची बेल वाजवून उभ्याउभ्याच सांगितलं, की तुमचं सामान बहुतेक माझ्याकडून हरवलं. वहिनींचे यजमान म्हणाले, लग्नाचा व्हिडिओ गेला तरी त्यांची काही तक्रार नाही. काकांना हसू आलं नाही.

मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मला वर बोलावणं आलं. मला यातलं काही येत नाही हे काकांना पाच मिनिटांत कळलं. त्यांनी स्वतःच सगळं वाचून ठेवलं होतं: पेटी पुन्हा चालू झाली तर तिच्यात नवीन काही लिहायचं नाही, फक्त वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, आणि अडखळणारी डिस्क किती टिकेल याचा भरवसा नाही, तेव्हा क्रम आधी ठरवायचा. त्यांनी यादी केली होती. टेबलफॅन पेटीवर रोखून आम्ही सकाळपासून बसलो. लग्न आलं, बारसं आलं. तानपुरा घेऊन डोळे मिटलेली आई आली, तेव्हा काकांनी उठून चहा टाकला आणि मला एकट्याला पाहू दिलं. शेवटचं फोल्डर त्यांचं स्वतःचं. ते सुरू झालं, डिस्कने टकटक केलं आणि सगळं थांबलं ते थांबलंच.

"तुमचं आधी का नाही घेतलंत?" मी विचारलं.

"लोकांचं मला आठवत नव्हतं, म्हणून आधी काढलं," काका म्हणाले. "माझं मला आठवतंय."

काकू आता नाहीत, मुलगी परदेशात. हल्ली चहाला गेलो की काका त्या गेलेल्या व्हिडिओंतला एखादा सांगतात. कारखान्याच्या कॉलनीत मुलगी सायकल शिकते आणि उतारावर काका हात सोडतात, तो तर मला पाठ झालाय. पूर्वी सांगायचे तेव्हा कॅमेरा काकूंच्या हातात असायचा, त्यामुळे त्या दिसायच्या नाहीत. गेल्या आठवड्यापासून त्या उताराच्या टोकाशी हात पसरून उभ्या असतात.