पोळा फुटेपर्यंत बंद

"सर, मशीन घुमून राह्यली, पाइप हादरून राह्यले. लवकर या!"

ऑपरेटर गजाननभाऊंचा फोन आला तेव्हा मी बाइकवर बसलो होतो. पोळ्याचा दिवस. मारेगावजवळच्या आमच्या गावी बाबा वाट पाहत होते. गुडघ्यांनी जवाब दिल्यामुळे ते बैलजोडी विकणार होते. "पोया फुटाच्या आंधी ये. या जोडीचा शेवटचाच हाय," असं सकाळीच बजावलं होतं.

"आधी मशीन बंद करा," म्हणालो आणि यवतमाळच्या कापड मिलकडे वळलो. तिथल्या कॉम्प्रेसरची देखभाल माझ्याकडे होती.

लक्षणं सर्जची होती. कॉम्प्रेसर हवा पुढे ढकलतो. पुढे ती कोणी घेतली नाही, की दाबाने मागे उलटते, पुन्हा पुढे जाते. प्रत्येक दणका बेअरिंगला बसतो. पोळ्यामुळे हवेवर चालणारे निम्मे लूम बंद, म्हणजे हवेला गिऱ्हाईकच नव्हतं. पण अशी जादा हवा बाहेर सोडायला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असतो. पॅनल सांगत होतं, तो उघडला होता. मग पाइप तपासत गेलो. त्याच्या अलीकडचा, हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह घट्ट बंद.

"मीच बंद केला," गजाननभाऊ म्हणाले. "भिंतीपलीकडं तोरण हाय. मांगच्या साली यातून सुटनाऱ्या हवेच्या शिट्टीनं बैल उधळलते. लेकरं होती तेथं."

यावर काय रागावणार?

मॅनेजर आले. "बेअरिंगचं आजच सांगा. गेलं असेल तर मिल बंद ठेवावी लागेल."

"चालवल्याशिवाय कळणार नाही. आणि सुरू करताना ब्लो-ऑफ उघडाच लागतो."

"मग करा सुरू!"

"पलीकडे बैल उभे आहेत, साहेब. पोळा फुटू द्या, तोरण तुटून बैल घरी जाऊ द्या."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. इथला फुटेल तेव्हा गावचाही फुटलेला असणार.

भिंतीशी उभा राहून घुंगरं ऐकत होतो. आमच्या जोडीतल्या चांद्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका सारखा डोळ्यांपुढे येत होता. सगळं टाकून निघावंसं वाटत होतं.

बैल पांगल्यावर व्हॉल्व्ह उघडला, मशीन चालवलं. व्हायब्रेशन मर्यादेत होतं. बेअरिंग वाचलं.

बाबांना फोन केला.

"झाला पोया," ते म्हणाले. "चांद्यानं तुह्या वाटची पुरणपोयीबी खाल्ली."

पुढे त्या पाइपला सायलेन्सर बसवला आणि हाताचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कुलूप घातलं. धडा एवढाच : हवेची मागणी घटणार असेल, तर तिची बाहेरची वाट आदल्या दिवशीच तपासा.

यंदा पोळ्याला मिलमधून फोन आला नाही. वेळेवर गावी पोचलो.

"गाडी गोठ्यात लाव," बाबा म्हणाले. "रिकामाच हाय."